बोअरहोलमधले अंतर ठरवण्याआधी दहा मीटरवरचे बोअर का घ्यावेत?

सह्यकातळ (नाशिक)

नमस्कार. खाणपट्ट्याच्या अन्वेषणात दोन बोअरमधले अंतर किती ठेवावे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी सवयीने सोडवला जातो. आधी दोनशे मीटरची जाळी, मग शंभराची, मग पन्नासची, असे निम्मे करत जायचे आणि तरतूद संपली की थांबायचे. नाशिक जिल्ह्यात धातुखनिजांच्या खाणी नाहीत, पण इथे बसून मी कोल्हापूरकडच्या सड्यांवरील (डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारांवरील) बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमच्या खनिजाच्या, साठ्यांची संगणकीय प्रारूपे तयार करतो, आणि माझ्यापुढे येणाऱ्या माहितीत एक उणीव पुन्हा पुन्हा दिसते: सगळी जाळी एकसारखी असते आणि अगदी कमी अंतरावर घेतलेले बोअर सहसा नसतातच. त्या जवळच्या बोअरवाचून जाळीचे योग्य अंतर काढताच येत नाही, असे माझे ठाम मत आहे आणि ते आकड्यांनी दाखवण्यासाठी हा धागा काढला आहे.

भूसांख्यिकीचा, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या मूल्यांचा अंदाज बांधणाऱ्या शास्त्राचा, पाया दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत घातला गेला. डॅनी क्रिग या अभियंत्याने १९५१ मध्ये दाखवून दिले की थोड्या नमुन्यांवरून 'श्रीमंत' ठरवलेले भाग प्रत्यक्ष खोदल्यावर सरासरीने कमी श्रीमंत निघतात आणि 'गरीब' ठरवलेले भाग थोडे बरे निघतात. पुढे फ्रान्समध्ये जॉर्ज माथरॉन यांनी त्याला गणिती रूप दिले आणि आजूबाजूच्या नमुन्यांना वजने देऊन मधल्या जागेचे मूल्य काढण्याच्या त्या अंदाजपद्धतीला क्रिग यांच्या सन्मानार्थ क्रिगिंग हे नाव दिले. या सगळ्याच्या मुळाशी व्हेरिओग्राम असतो. ठरावीक अंतरावरच्या बोअरच्या जोड्या घ्यायच्या, प्रत्येक जोडीतल्या मूल्यांच्या फरकाचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढून ती निम्मी करायची, आणि असे वेगवेगळ्या अंतरांसाठी करून आलेख काढायचा. अंतर वाढते तसा आलेख चढतो आणि एका अंतरानंतर सपाट होतो. जिथे सपाट होतो ते अंतर म्हणजे रेंज, सपाट भागाची उंची म्हणजे सिल, आणि अंतर शून्याकडे नेले तरी जी उंची शिल्लक राहते ती म्हणजे नगेट.

जाळी ठरवण्यासाठी क्रिगिंगचा एक गुण फार मोलाचा आहे. अंदाजातल्या चुकीचे प्रचरण, म्हणजे चुकांच्या वर्गांची सरासरी, केवळ व्हेरिओग्रामवर आणि बोअरच्या मांडणीवर अवलंबून असते, बोअरमध्ये प्रत्यक्ष काय सापडले यावर नाही. त्यामुळे एकही नवा बोअर न मारता, अमुक मांडणीने अंदाज किती पक्का होईल हे आधीच मोजता येते.

आता उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण हिशेब खरा आहे. बॉक्साइटच्या थराची सरासरी जाडी ३ मीटर, व्हेरिओग्राम गोलीय प्रकारचा (आलेखाचे एक रूढ सूत्र), एकूण सिल २.० चौरस मीटर, रेंज १५० मीटर आणि नगेट ०.४ धरू. वर्षाला १२ हेक्टर, म्हणजे तिमाहीला ३ हेक्टर क्षेत्रातून उत्खनन होणार आहे. अनेक ठिकाणी वापरला जाणारा एक निकष असा आहे की ९० टक्के विश्वासपातळीवर तिमाही उत्पादनाचा अंदाज १५ टक्क्यांच्या आत असेल तर साठा 'मापित' समजावा आणि वार्षिक उत्पादनाचा अंदाज तेवढा असेल तर 'निर्देशित'. प्रत्येक चौकोनाचा अंदाज त्याच्या मध्यावरील बोअरवरून घेतला आणि चौकोनांतल्या चुका परस्परांपासून स्वतंत्र धरल्या, तर २०० मीटरच्या जाळीत वार्षिक जाडीची चूक सुमारे ३६ टक्के येते आणि १०० मीटरच्या जाळीत सुमारे १४ टक्के. म्हणजे वार्षिक निकषाला १०० मीटर पुरतात. तिमाहीसाठी मात्र तीच १०० मीटरची जाळी २८ टक्क्यांवर जाते, ७५ मीटरला २० टक्के, ६० मीटरला जेमतेम १५ टक्के आणि ५० मीटरला १२ टक्के चूक येते. इथपर्यंत सगळे सुटसुटीत आहे.

आता सिल आणि रेंज तेच ठेवून फक्त नगेट ०.४ ऐवजी १.२ धरून पाहा. १०० मीटरच्या जाळीची वार्षिक चूक १४ वरून १९ टक्क्यांवर जाते, म्हणजे जी जाळी निकषात बसत होती ती बसेनाशी होते. तिमाहीसाठी ६० मीटरऐवजी सुमारे ४२ मीटरवर उतरावे लागते. हेक्टरमागे २.८ बोअरऐवजी ५.७ बोअर, म्हणजे खर्च दुप्पट.

आणि आपल्याकडे फक्त १०० मीटरची जाळी असेल, तर या दोन परिस्थितींतला फरक ओळखता येतो का? १०० मीटरवर पहिल्या व्हेरिओग्रामची उंची १.७६ येते आणि दुसऱ्याची १.८८. तिरक्या जोड्या १४१ मीटरवर असतात आणि तिथे दोन्ही आलेख जवळजवळ २.० वर पोचलेले असतात. मोजलेल्या व्हेरिओग्राममध्ये स्वाभाविक चढउतार एवढा असतो की १.७६ आणि १.८८ मधला फरक डोळ्याला दिसणारही नाही. दहा मीटरवर मात्र पहिला ०.५६ आणि दुसरा १.२८ दाखवतो. खर्च दुप्पट करायचा की नाही हे ठरवणारी माहिती दहा ते वीस मीटरच्या अंतरात आहे आणि नेमके तिथेच आपण कधी बोअर घेत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की शंभराची जाळी पूर्ण झाल्यावर लगेच पन्नासची सुरू करू नये. आधी दोन-तीन ठिकाणी जाळीतल्या एखाद्या बोअरभोवती चारही दिशांना १० आणि २० मीटरवर बोअर घेऊन फुल्या मांडाव्यात, व्हेरिओग्रामचा सुरुवातीचा भाग पक्का करावा आणि मगच पुढचे अंतर ठरवावे. प्रत्यक्ष कामावरच्या मंडळींचे यावर काय मत आहे ते वाचायला आवडेल.

कोअरपेटी

धागा मनापासून आवडला. माझे आयुष्य रिगच्या (बोअर मारण्याच्या यंत्राच्या) बाजूला आणि कोअरच्या, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यांच्या, पेट्यांपुढे गेले, त्यामुळे तिथूनच लिहितो.

नगेट म्हणजे निसर्गाचा लहरीपणा असे समजून लोक तो मुकाट्याने स्वीकारतात. त्याचा बराच भाग आपण स्वतः तयार केलेला असतो. जांभ्यातल्या बॉक्साइटची पेटी उघडून पाहा. वरचा कठीण, विटकरी तुकडा हातात जड लागतो, खाली कोअर फिकट आणि ठिसूळ होत जातो, मग जांभळट-पांढरे डाग दिसू लागतात आणि शेवटी बोटाने दाबला तर ठसा उमटेल अशी लिथोमार्जची चिकणमाती येते. यात बॉक्साइट नेमका कुठे संपला हे डोळ्यांनी सांगता येत नाही, रासायनिक तपासणीच सांगते. नमुना एकेक मीटरचा घेतला असेल तर थराची वरची आणि खालची सीमा मीटरच्या पटीतच ठरणार. प्रत्येक सीमेच्या या पूर्णांकनाचे प्रचरण एक-बारांश, म्हणजे सुमारे ०.०८, आणि दोन्ही सीमांचे मिळून ०.१७. तुमच्या उदाहरणातल्या ०.४ नगेटपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ नमुन्याच्या लांबीतून येऊ शकतो! अर्ध्या मीटरचे नमुने घेतले तर तोच भाग ०.०४ वर येतो. जास्तीच्या तपासण्यांचा खर्च जास्तीच्या बोअरच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

दुसरी गोष्ट कोअर-प्राप्तीची, म्हणजे खोदलेल्या लांबीपैकी किती कोअर हाती आला याची. ठिसूळ भागात पाण्याचा दाब जास्त ठेवला की बारीक माल वाहून जातो, पेटीत कठीण तुकडेच उरतात, आणि त्यावरून काढलेली प्रत (खनिजाचा दर्जा) खऱ्या प्रतीपेक्षा वेगळी येते. अशा भागात तिहेरी नळीचा कोअर बॅरल वापरणे आणि प्रत्येक धावेची प्राप्ती नोंदवणे हे व्हेरिओग्रामच्याही आधीचे काम आहे. प्राप्ती कमी असलेले नमुने न वगळता केलेला कोणताही हिशेब मी मानत नाही.

आता थोडा विरोधही नोंदवतो. तुमचे ६० मीटर गणितात बरोबर असतील, पण जमिनीवर आधीच १०० मीटरची जाळी उभी आहे. त्यात ६० मीटरची जाळी बसत नाही, जुने बोअर वाया जातात. आपल्यापुढे खरे पर्याय दोनच राहतात: प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक बोअर, किंवा सरळ ५० मीटर. शिवाय खनिजसाठ्याच्या पुराव्याविषयीच्या २०१५ च्या केंद्रीय नियमांत जी-४ (प्राथमिक) ते जी-१ (सविस्तर) असे अन्वेषणाचे टप्पे आणि साठ्याच्या प्रकारानुसार अंतराचे निकष दिलेले आहेत. भूसांख्यिकी काहीही सांगो, ते पाळावेच लागतात.

सह्यकातळ (नाशिक)

पूर्णांकनाचा मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे आणि तो हिशेबात घालून पाहिला. अर्ध्या मीटरच्या नमुन्यांमुळे नगेट ०.४ वरून सुमारे ०.२७५ वर आला, तर ६० मीटरच्या जाळीतली तिमाही चूक १५ वरून १३.६ टक्क्यांवर येते. म्हणजे एकही बोअर न वाढवता जाळी थोडी दाट केल्याइतका लाभ मिळतो.

जुन्या जाळीचा मुद्दाही रास्त आहे. चौकोनाच्या मध्यावर बोअर घेतल्यावर ७०.७ मीटरची, ४५ अंशांत फिरलेली जाळी तयार होते आणि त्या उदाहरणात तिमाही चूक १८.५ टक्के येते, म्हणजे बोअरची संख्या दुप्पट करूनही निकष हुकतो. पण इथे जाळी सगळीकडे सारखी असली पाहिजे हा आग्रहच सोडायला हवा. पुढच्या वर्षभरात जिथे उत्खनन होणार आहे तिथे ५० मीटर, त्यापलीकडे मध्यावरचे बोअर आणि पट्ट्याच्या उरलेल्या भागात १०० मीटर, अशी जाळी उत्खननाच्या पुढेपुढे सरकत गेली तर तिमाहीचा निकष तिमाहीपुरताच लावला जातो. दहा वर्षांनी खोदल्या जाणाऱ्या जागेत आज पन्नास मीटरवर बोअर मारून कोणता निर्णय बदलतो? मला तरी कोणताही दिसत नाही.

नव्याने जाळी आखायची असेल तर चौकोनी जाळीऐवजी त्रिकोणी, म्हणजे एकाआड एक ओळ सरकवलेली जाळी घ्यावी. हेक्टरमागे तितकेच बोअर ठेवूनही कोणत्याही जागेपासून जवळच्या बोअरचे कमाल अंतर सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते. आखणीला थोडा जास्त वेळ लागतो, एवढेच.

नियमांबाबत माझी भूमिका अशी आहे की नियमातले अंतर ही किमान अट समजावी. ती पूर्ण केली म्हणून अंदाज पक्का झाला असे होत नाही. दोन सड्यांवर तोच नियम लागू असला तरी त्यांचे नगेट वेगळे असू शकतात.

भूविद्यार्थी

मी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. दोन शंका आहेत. फुलीत दहा मीटरवरच्या जोड्या किती मिळतात आणि तेवढ्या पुरतात का? आणि सडा लांबट असेल तर व्हेरिओग्राम सगळ्या दिशांना एकच धरावा का?

सह्यकातळ (नाशिक)

चार हातांच्या फुलीत, हातावर १० आणि २० मीटरला एकेक बोअर धरला तर मधला जुना बोअर सोडून आठ नवे बोअर लागतात. त्यात नेमक्या दहा मीटरच्या जोड्या आठ आणि चौदा मीटरच्या तिरक्या जोड्या चार मिळतात. अशा तीन फुल्यांत चोवीस बोअरमध्ये छत्तीस जोड्या होतात. एका अंतरगटात किमान तीस जोड्या असाव्यात असा साधारण संकेत आहे, तो पाळला जातो. ६० हेक्टरच्या पट्ट्यावर ४२ आणि ६० मीटरच्या जाळ्यांमध्ये सुमारे १७० बोअरचा फरक पडतो, हे लक्षात घेतले तर चोवीस बोअर महाग नाहीत. मात्र तिन्ही फुल्या चांगल्या जाडीच्या भागात घेण्याचा मोह टाळावा. एक उत्तम भागात, एक मध्यम आणि एक कडेच्या पातळ भागात घ्यावी. तसेच फुल्यांमुळे काही जागी बोअरची गर्दी होते, त्यामुळे सगळ्या बोअरची साधी सरासरी काढू नये. क्रिगिंगमध्ये गर्दीतल्या बोअरचे वजन आपोआप कमी होते.

दिशेबाबत: आधी वेगवेगळ्या दिशांना व्हेरिओग्राम काढून पाहावा. सड्याच्या लांबीच्या दिशेला रेंज मोठी आणि आडव्या दिशेला लहान निघाली तर जाळी आयताकृती ठेवावी, लांब बाजू मोठ्या रेंजच्या दिशेला. तिथे १०० बाय ५० ची जाळी ७०.७ मीटरच्या चौकोनी जाळीपेक्षा सरस ठरू शकते आणि दोन्हींत हेक्टरमागे दोनच बोअर लागतात. सरावासाठी आर भाषेतील जीस्टॅट किंवा पायथॉनमधील पायक्रिज वापरा, दोन्ही विनामूल्य आहेत.

दगडखाण

आमची सिन्नर भागात काळ्या पाषाणाची खाण आणि क्रशर आहे, आणि घरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. खाणीत वरचा मुरूम आणि मांजऱ्या खडक काही ठिकाणी दोन मीटर, काही ठिकाणी आठ मीटर लागतो आणि तो काढण्याचा खर्च आमचा नफा खातो. या पद्धतीने तो आधी कळू शकतो का? आणि बागेत बोअरवेल कुठे घ्यावी यासाठीही हे चालेल का? दोन शेजाऱ्यांच्या बोअरवेलमध्ये पंधरा-वीस मीटर अंतर असते, एकाला भरपूर पाणी आणि दुसऱ्याला फुफाटा.

कोअरपेटी

पहिल्याचे उत्तर होय. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक आडवे पसरलेले असतात. प्रवाहाचा वरचा भाग सच्छिद्र, झिओलाइटने भरलेला, म्हणजे तुमचा मांजऱ्या, आणि मधला गाभा घट्ट काळा पाषाण. दोन प्रवाहांच्या मध्ये कित्येकदा तांबडा मातकट थर लागतो. वरच्या कच्च्या खडकाची जाडी सलगपणे बदलते, त्यामुळे तिचा व्हेरिओग्राम बहुधा चांगला निघतो. शिवाय तुम्हाला कोअरचीही गरज नाही. वॅगन ड्रिलने भोक घेताना धूळ कोणत्या खोलीला रंग बदलते आणि ड्रिलचा वेग कुठे एकदम मंदावतो, एवढे नोंदवले तरी घट्ट खडकाची खोली कळते. तुमचे सुरुंगाचे बोअर रोज पडतच असतात आणि तेही दोन-तीन मीटरच्या अंतरावर. सह्यकातळ ज्या जवळच्या माहितीसाठी झगडत आहेत ती तुमच्याकडे फुकट तयार होते, फक्त कोणी वहीत लिहीत नाही. आजपासून प्रत्येक भोकाची जागा आणि कच्च्या थराची खोली लिहून ठेवा.

दुसऱ्याचे उत्तर मात्र नाही, आणि ते स्पष्टच सांगितले पाहिजे. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून, सांध्यांतून आणि प्रवाहांच्या सीमांवरून वाहते. भेग लागली की पाणी, दोन मीटरने चुकली की कोरडे. बोअरवेलच्या पाण्याच्या आवकेचा व्हेरिओग्राम काढला तर तो जवळजवळ सगळा नगेटच दिसेल. विहिरींतल्या पाण्याच्या पातळीचा नकाशा मात्र क्रिगिंगने उत्तम करता येतो, कारण पातळी सलग असते.

आडवा छेद

चर्चेत एक मुद्दा राहून गेला आहे. क्रिगिंगचे प्रचरण प्रत्यक्ष मूल्ये पाहत नाही, हा गुण म्हणून वर सांगितला आहे, पण तीच त्याची मर्यादाही आहे. बॉक्साइटमध्ये जिथे थर जाड असतो तिथे जाडीचा चढउतारही बहुधा जास्त असतो. क्रिगिंग मात्र जाड आणि पातळ भागाला, बोअरची मांडणी सारखी असेल तर, सारखीच चूक देते. त्यामुळे नेमक्या मोलाच्या भागात चूक कमी दाखवली जाते. कंडिशनल सिम्युलेशन करून साठ्याची शंभरेक संभाव्य चित्रे तयार करावीत, प्रत्येक चित्रावर प्रस्तावित जाळीने 'खोटे' बोअर मारावेत, त्यांवरून अंदाज काढावा आणि त्या चित्रातल्या खऱ्या मूल्याशी ताडावा. काम जास्त आहे, पण त्यातून चूक रुपयांत मोजता येते: किती माल बॉक्साइट समजून कारखान्याकडे गेला असता आणि तिथे सिलिका जास्त म्हणून परत आला असता.

सिलिकाचा उल्लेख मुद्दाम करतो. अॅल्युमिना काढणाऱ्या बायर प्रक्रियेत क्रियाशील सिलिका कॉस्टिक सोडा खाते, म्हणून खरेदीदाराचे लक्ष तिच्यावर असते. जाडी, अॅल्युमिना आणि सिलिका या तिघांचे व्हेरिओग्राम वेगळे असतात आणि सिलिकाची रेंज बहुधा सगळ्यांत लहान निघते, कारण चिकणमातीचे खिसे लहान असतात. जाळी जाडीवरून ठरवली आणि करार सिलिकाच्या मर्यादेवर केला, तर धाग्यातला सगळा हिशेब चुकीच्या चलावर केल्यासारखे होईल.

सह्यकातळ (नाशिक)

पूर्ण सहमत. जाडी उदाहरणासाठी घेतली, कारण तिच्यावर टनभार अवलंबून असतो आणि हिशेब सोपा राहतो. प्रत्यक्ष कामात ज्या चलावर माल नाकारला जाऊ शकतो त्याची फुली आधी काढावी. सिलिकाची रेंज ४०-५० मीटर निघाली, तर ५० मीटरच्या जाळीतही शेजारचे दोन बोअर एकमेकांबद्दल जवळपास काहीच सांगणार नाहीत आणि कोअर-बोअर कितीही वाढवले तरी खड्ड्यातली रोजची निवड त्यांवर करता येणार नाही. तिथे उत्खननाच्या तोंडावर घेतलेले नमुने किंवा सुरुंगाच्या भोकांतली धूळ तपासून दर्जा-नियंत्रण करावे लागते. अन्वेषणाच्या बोअरकडून टनभार आणि वार्षिक सरासरी प्रत घ्यावी, गाडीगणिक प्रत धुळीच्या नमुन्यांकडून. कोअरपेटी यांनी दगडखाणीला जी वही ठेवायला सांगितली, तीच वही बॉक्साइटच्या खाणीतही ठेवली तर पुढच्या टप्प्याच्या फुल्यांसाठी वेगळे बोअर मारण्याची गरज बरीच कमी होईल. दगडखाण, तुमच्या नोंदी जमल्या की त्या इथे टाका, मी व्हेरिओग्राम काढून देतो.